बेने इस्रायली सणांचे जेवण आणि जेवणाआधी-नंतरच्या बेराखा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई, ठाणे, पनवेल, अलिबाग, पुणे इथल्या बेने इस्रायली (पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्रात राहणाऱ्या, मराठी बोलणाऱ्या ज्यू) घरांत सणाचे ताट कसे मांडतात, कोणत्या पदार्थावर कोणती बेराखा म्हणतात आणि का, हे नव्या सुना-जावई, परगावी किंवा परदेशी वाढलेली मुले आणि शेजारी-मित्र नेहमी विचारतात. त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत. घराघरांत आणि सिनेगॉगागणिक (प्रार्थनामंदिरागणिक) थोडा फरक असतो. जिथे तो असतो तिथे तसे म्हटले आहे. शंका राहिली तर आपल्या हज्जानांना, म्हणजे सिनेगॉगात प्रार्थना चालवणाऱ्यांना, विचारून घ्यावे.

बेराखा म्हणजे नेमके काय, आणि ती कधी म्हणायची?

खाण्यापिण्याआधी देवाचे नाव घेऊन त्याचे आभार मानणारे एक छोटे हिब्रू वाक्य. सुरुवात नेहमी एकच असते: "बारूख अत्ता अदोनाय, एलोहेनू मेलेख हाओलाम". पुढचा भाग पदार्थाप्रमाणे बदलतो.

पदार्थ हातात घ्यावा, बेराखा म्हणावी आणि लगेच पहिला घास खावा. मध्ये "मीठ दे", "पंखा लाव" असले काहीही बोलू नये. बोलणे झाले आणि घास राहिला, तर बेराखा वाया जाते आणि देवाचे नाव विनाकारण घेतल्यासारखे होते. म्हणूनच मुलांना नुसते शिकवताना पुष्कळ जण "अदोनाय"च्या जागी "हाशेम" म्हणतात. इतर कोणी बेराखा म्हटली तर ऐकणाऱ्यांनी "आमेन" म्हणावे. आपण स्वतः म्हटलेल्या बेराखेवर स्वतः आमेन म्हणायचे नाही.

कोणत्या पदार्थावर कोणती बेराखा?

इथे आधी पाहायचे ते पदार्थ कशाचा केला आहे हे. महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरात धान्ये पुष्कळ, म्हणून गोंधळही इथेच जास्त होतो.

गहू, जव, ओट, राय आणि स्पेल्ट या पाचांपैकी कशाचीही भाजलेली भाकरी-पोळी-पाव असेल तर "हामोत्सी लेहेम मिन हाआरेत्स". रोजची गव्हाची पोळी यातच येते. याच धान्यांचे शिजवलेले किंवा गोड पदार्थ, म्हणजे शिरा, केक, करंजी, यांवर "बोरे मिने मेझोनोत".

तांदूळ त्या पाचांत नाही, तरी भातावर "मेझोनोत"च म्हणतात, कारण भाताने पोट भरते. तांदळाच्या भाकरीवरही तेच. मात्र नंतरची बेराखा वेगळी, ती पुढे पाहा. ज्वारी, बाजरी, नाचणीच्या भाकरीवर "शेहाकोल निहया बिदवारो". कोकणी माणसाला हे जरा चमत्कारिक वाटते, कारण ताटात एका शेजारी एक ठेवलेल्या दोन भाकऱ्यांवर दोन वेगळ्या बेराखा लागतात. पण नियम असाच आहे आणि तो सवयीने बसतो.

झाडाच्या फळावर "बोरे पेरी हाएत्स": आंबा, खजूर, डाळिंब, सफरचंद, नारळाचे खोबरे. जमिनीतून येणाऱ्यावर "बोरे पेरी हाअदामा": भाज्या, कडधान्ये, कलिंगड, अननस आणि केळी. केळ इथे का, हा प्रश्न हमखास येतो. केळीचे खोड एकदा फळ देऊन मरते, पुढच्या वर्षी त्याच खोडाला घड येत नाही, म्हणून ते झाड धरत नाहीत. द्राक्षाचा रस, वाइन आणि मनुकांचे शर्बत यांवर "बोरे पेरी हागेफेन". पाणी, चहा, मांस, मासे, अंडी, दूध, साखर, उसाचा रस यांवर "शेहाकोल".

पुरणपोळी, पुरी आणि करंजीवर हामोत्सी की मेझोनोत?

पुरणपोळीत गोड सारण भरलेले असते आणि ती गोडाचा पदार्थ म्हणून खातात, म्हणून तिच्यावर मेझोनोत. करंजीवरही मेझोनोत. पुरी तळलेली असते. घट्ट कणीक मळून तळलेल्या पदार्थावर हामोत्सी म्हणायचे की मेझोनोत, याबद्दल जुन्या आचार्यांतच मतभेद आहेत. आमच्या मते सोपा मार्ग हा: पुरी-भाजीचे जेवण करायचे असेल तर आधी पोळीचा किंवा पावाचा तुकडा हामोत्सी म्हणून खावा. मग पुरीचा प्रश्नच उरत नाही, कारण हामोत्सी त्या जेवणातल्या जवळजवळ सगळ्याला पुरते.

"जवळजवळ" असे म्हटले, कारण शर्बताला वेगळी बेराखा लागते आणि जेवणाच्या शेवटी येणाऱ्या फळालाही. भाजी, आमटी, कालवण, भात यांना हामोत्सीनंतर वेगळे काही म्हणायचे नाही.

हात कसे धुवायचे?

हामोत्सीच्या जेवणाआधी. आधी हात नेहमीसारखे स्वच्छ करून घ्यावेत, अंगठ्या काढाव्यात. मग तांब्या किंवा दोन कानांचे भांडे पाण्याने भरून उजव्या हातावर मनगटापर्यंत तीनदा, मग डाव्यावर तीनदा ओतावे. काही घरांत दोन-दोनदा ओततात. नळाखाली थेट हात धरून चालत नाही, पाणी माणसाने भांड्यातून ओतलेले हवे. हात चोळून पुसण्याआधी बेराखा: "आशेर किद्देशानू बेमित्स्वोताव वेत्सिव्वानू आल नेतिलात यादायिम". तिथपासून पोळीचा घास तोंडात जाईपर्यंत गप्प राहायचे.

पाहुणे पुष्कळ असले की इथेच चुकते. पहिला माणूस हात धुऊन दहा मिनिटे ताटकळतो आणि बोलून बसतो. पोळ्या आधीच टेबलावर झाकून ठेवाव्यात, हज्जान किंवा घरातल्या कर्त्याने हात शेवटी धुवावेत आणि लगेच पोळी मोडावी. तुकडा मिठात टेकवून वाटतात.

नुसता भात-आमटी खाल्ली तर?

हात धुण्याची बेराखा नाही, पोळी-पावाच्या जेवणानंतरचे मोठे बिरकात हामाझोनही नाही. आधी मेझोनोत, नंतर "बोरे नेफाशोत" ही छोटी बेराखा. रोजच्या जेवणाला हे चालते. शब्बाथच्या (शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र, विश्रांतीचा दिवस) आणि सणाच्या जेवणात मात्र हामोत्सी हवीच, म्हणून भातखाऊ घरातही त्या दिवशी गव्हाच्या पोळ्या लागतात.

जेवणानंतर काय म्हणायचे?

पोळी-पाव साधारण 27 ते 30 ग्रॅमपेक्षा जास्त खाल्ला असेल तर बिरकात हामाझोन. त्यात चार बेराखा आहेत: अन्नासाठी, देशासाठी, यरुशलेमसाठी आणि देवाच्या चांगुलपणासाठी. शब्बाथला त्यात "रेत्से" घालतात, सणांना "याले वेयावो", हनुका (दिव्यांचा सण) आणि पुरीमला "आल हानिस्सीम". तीन किंवा अधिक पुरुष एकत्र जेवले असतील तर आधी झिम्मून (एकत्र आभार मानायचे आमंत्रण) म्हणतात. जेवण झाल्यावर 72 मिनिटांच्या आत म्हणावे आणि त्याच जागी बसून म्हणावे.

पाच धान्यांचा गोड पदार्थ, द्राक्षरस, किंवा द्राक्ष, अंजीर, डाळिंब, ऑलिव्ह, खजूर यांपैकी एखादे फळ पुरेसे खाल्ले, तर त्या चारांचे सार असलेली एक छोटी बेराखा. बाकी सगळ्याला "बोरे नेफाशोत".

किद्दुशसाठी मनुकांचे शर्बत घरी कसे करायचे?

बेने इस्रायली घरांत शुक्रवार संध्याकाळचे किद्दुश (पेला हातात घेऊन शब्बाथचे पावित्र्य सांगणारी बेराखा) पिढ्यान्‌पिढ्या काळ्या मनुकांच्या शर्बतावर होत आले. कोशेर (धर्मनियमाला धरून केलेली) वाइन मिळणे अवघड होते, मनुका मात्र सगळीकडे मिळायच्या.

250 ग्रॅम बियांच्या काळ्या मनुका घ्याव्यात. गरम पाण्याने दोनदा धुवाव्यात, कारण दुकानातल्या मनुकांना चकाकीसाठी तेल लावलेले असते आणि ते नंतर शर्बतावर तरंगते. अर्धा लिटर पाण्यात 24 तास भिजवून ठेवाव्यात. उन्हाळ्यात भांडे फ्रिजमध्ये ठेवावे. मग हाताने चांगल्या कुस्कराव्यात आणि मलमलच्या फडक्यातून पिळून गाळाव्यात. मिक्सर फिरवला तर बिया फुटून कडवटपणा उतरतो.

आता महत्त्वाचे. हागेफेन म्हणता यावे यासाठी मनुका अशा हव्यात की भिजवण्याआधीच दोन बोटांत दाबल्यावर थोडा चीक बाहेर येईल. खडखडीत वाळलेल्या मनुकांचे पाणी हे नुसते चवीचे पाणी, त्याच्यावर शेहाकोल होते आणि किद्दुश होत नाही. म्हणून खरेदी करतानाच एक मनुका दाबून पाहावी. पाणी वाढवून शर्बत पुरवण्याचा मोहही टाळावा. माणसे जास्त असतील तर मनुकाच जास्त घ्याव्यात.

किद्दुशचा पेला कमीत कमी 86 मिलिलिटरचा असावा, काठोकाठ भरावा, आणि म्हणणाऱ्याने त्यातले निम्म्याहून जास्त प्यावे. बाकीच्यांना एकेक घोट पुरे.

शब्बाथचे जेवण गरम कसे ठेवायचे?

सूर्यास्ताच्या 18 मिनिटे आधी दिवे लागतात. तोपर्यंत सगळे पूर्ण शिजलेले हवे, कारण त्यानंतर स्वयंपाक नाही आणि गॅस पेटवणे-विझवणेही नाही. मंद आचेवर जाड पत्रा टाकून त्यावर झाकलेली पातेली ठेवतात, किंवा विजेची तापपट्टी आधीच चालू करून ठेवतात. नारळाच्या दुधाचे कोंबडीचे कालवण पत्र्यावर तासन्‌तास राहिले तर फाटते आणि तेल सुटते. त्यासाठी पातळ दुधात मांस शिजवावे, घट्ट दूध शेवटी घालून एकच कढ आणावा, आणि पातेले पत्र्याच्या कडेला ठेवावे. मध्यभागी भाताचे पातेले.

टेबलावर दोन अखंड पोळ्या किंवा पाव झाकून ठेवतात. पोळी फाटलेली नको.

सगळ्यात इतका नारळ का?

मांसाबरोबर दूध, दही, तूप, लोणी काहीच चालत नाही, आणि मांस खाल्ल्यावर सहा तास दुधाचा पदार्थ खायचा नाही. सणाच्या जेवणात मांस असणारच. मग गोडधोड तुपा-दुधात केले तर त्याच ताटावर वाढता येणार नाही. नारळाचे दूध ना मांसात ना दुधात, म्हणून कालवणही त्यात, खीरही त्यात आणि हलवाही त्यात. कोकणातल्या परसातल्या माडाने कश्रुथचा (खाण्याच्या धर्मनियमांचा) हा मोठा प्रश्न फार सुंदर सोडवला आहे. सणाची करंजी किंवा पुरी तुपाऐवजी तेलात तळतात त्याचेही कारण हेच. कोणी प्रेमाने "साजूक तुपातली" आणली तर ती वेगळ्या दिवशी, वेगळ्या ताटलीत.

मांस कोशेर करण्याच्या पायऱ्या कोणत्या?

जनावर किंवा कोंबडी शोहेतने, म्हणजे धर्मनियमाने कापणाऱ्याने, कापलेली हवी. पुष्कळ ठिकाणी हज्जानच हे काम करतात. जिथे शोहेत नाही तिथे लोक सरळ मासे किंवा शाकाहार करतात, आणि ते योग्यच आहे.

घरी आणल्यावर मांस अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवावे. निथळून, उतरत्या फळीवर किंवा जाळीवर ठेवून सगळ्या बाजूंनी मीठ लावावे आणि एक तास ठेवावे. मग तीनदा धुवावे. मीठ मध्यम जाडीचे हवे: बारीक मीठ विरघळून जाते आणि रक्त ओढत नाही, फार जाडे खडे घरंगळून पडतात. फळी सपाट असेल तर सुटलेले रक्त खालीच साचून पुन्हा मांसात मुरते. कापल्यापासून 72 तास न भिजवता राहिलेले मांस मिठाने शिजवण्यासारखे होत नाही, ते फक्त आगीवर भाजता येते.

काळजाला मीठ पुरत नाही, त्यात रक्त फार. त्याला चिरा पाडून, थोडे मीठ भुरभुरून उघड्या जाळावर जाळीवर भाजावे, धुवावे, आणि मगच तव्यावर परतावे.

मासे कोणते चालतात?

पर आणि खवले दोन्ही असलेले: पापलेट, रावस, सुरमई, बांगडा, रोहू. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, माकूळ, मोरी, शिंगाळा नाही. कोळणीकडून मासा साफ करून घेताना एखाद्या तुकड्यावर खवले राहू द्यायला सांगावे, म्हणजे घरी ओळख पटते. मासे आणि मांस एका पातेल्यात एकत्र शिजवत नाहीत.

मलिदा म्हणजे काय, आणि तो कधी करतात?

एलियाहू हानाबींच्या (एलिया संदेष्ट्यांच्या) नावाने केलेले आभाराचे ताट. लग्नाआधी, मूल झाल्यावर, नव्या घरात, आजारातून उठल्यावर, परीक्षा पास झाल्यावर, नवस फेडताना. ही बेने इस्रायलींची खास रीत आहे, इतर ज्यू समाजांत ती या रूपात नाही. एलियाहू हानाबी अलिबागजवळच्या खंडाळा गावी प्रकट झाले आणि तिथल्या खडकावर त्यांच्या रथाच्या खुणा आहेत अशी श्रद्धा आहे. तू बिश्वातला, म्हणजे ज्यू पंचांगातल्या शवात महिन्याच्या पंधराव्या दिवशी, लोक मुद्दाम तिथे जाऊन मलिदा करतात.

वीस-पंचवीस माणसांसाठी: जाडे पोहे 500 ग्रॅम, एका मोठ्या नारळाचा चव, साखर 200 ग्रॅम, वेलची पूड एक चमचा, पाव जायफळ किसून, बदाम-पिस्त्याचे काप आणि बेदाणे मूठ-मूठ. बरोबर पाच प्रकारची फळे, त्यात खजूर असावाच. गुलाबाच्या पाकळ्या आणि सब्जाच्या ताज्या काड्या वासासाठी. काही घरांत भाजून परतलेले कोंबडीचे काळीज-पेटेही ताटात ठेवतात.

पोहे चाळणीत घेऊन वाहत्या पाण्याखाली झटपट भिजवावेत, निथळू द्यावेत आणि पंधरा मिनिटे झाकून ठेवावेत. पातेल्यात बुडवून ठेवले की लगदा झालाच. एक पोहा दोन बोटांत दाबला तर तो मऊ लागावा पण चिकटू नये. खोबरे आणि सुका मेवा हलक्या हाताने मिसळावा. साखर मात्र अगदी शेवटी, प्रार्थनेच्या अर्धा तास आधी. आधी घातली तर खोबऱ्याला पाणी सुटते आणि ताटाच्या तळाशी पाक साचतो. ओले खोबरे असल्याने मुंबईच्या उकाड्यात चार-पाच तासांपलीकडे ठेवू नये.

मोठ्या परातीत मध्ये पोह्यांचा ढीग, भोवती फळे, वर पाकळ्या.

मलिद्यावर बेराखांचा क्रम काय?

आधी "एलियाहू हानाबी" हे गीत आणि "वेयित्तेन लेखा"ने सुरू होणारी आशीर्वादाची वचने म्हणतात. मग बेराखा. पोह्यांवर मेझोनोत, खजूर किंवा इतर झाडाच्या फळावर हाएत्स, केळ्यावर हाअदामा. सुवासासाठी वेगळ्या बेराखा आहेत: सब्जासारख्या नाजूक देठाच्या वनस्पतीवर "इस्बे बेसामीम", गुलाबासारख्या काष्ठ देठाच्या झाडावर "आत्से बेसामीम". काळीज असेल तर शेहाकोल.

साधारण नियमाने मेझोनोत सगळ्यांत आधी येते, फळांमध्ये खजुराला मान, शेहाकोल शेवटी. पण सिनेगॉगागणिक हज्जान क्रम थोडा बदलतात. चालवणाऱ्याच्या मागे जावे, मध्येच दुरुस्ती सुचवू नये. एकाने म्हणून सगळ्यांनी आमेन म्हटले तर ते सगळ्यांना पुरते. अट एवढीच की त्याने आपल्याला धरून म्हणावे, आपण लक्ष देऊन ऐकावे आणि मध्ये न बोलता आपापला घास घ्यावा. म्हणून वाटप आधी, बेराखा नंतर.

रोश हाशानाच्या ताटात काय काय लागते?

रोश हाशाना म्हणजे ज्यू नववर्ष. त्याचे जुने बेने इस्रायली नाव "नव्याचा सण". किद्दुश आणि हामोत्सी झाल्यावर शुभचिन्हांचे पदार्थ एकेक करून घेतात: खजूर, चवळी, कांद्याची पात किंवा लीक, बीट किंवा त्याची पाने, लाल भोपळा, डाळिंब, साखरेत किंवा मधात बुडवलेले सफरचंद, आणि माशाचे किंवा बकऱ्याचे डोके. प्रत्येकावर "येही रात्सोन"ने सुरू होणारी प्रार्थना आहे. हाएत्स खजुरावर म्हणावी, खजुराचा घास खावा आणि मग येही रात्सोन. उलट केले तर बेराखा आणि घास यांच्यात बोलणे येते.

दुसऱ्या रात्री या मोसमात अजून न खाल्लेले फळ ठेवून शेहेहेयानू (नव्या गोष्टीच्या आनंदाची बेराखा) म्हणतात. सीताफळ त्या सुमाराला बाजारात येते, ते राखून ठेवायला छान.

चिकाचा हलवा कसा करायचा? माझा नेहमी पिठाळ लागतो.

नव्याच्या सणाचा खरा मान याचा. वेळखाऊ आहे, पण वडी जमली की दुसरे काही लागत नाही.

500 ग्रॅम गहू तीन दिवस भिजवावेत, पाणी रोज बदलावे. नाही बदलले तर आंबट वास हलव्यात उतरतो. चौथ्या दिवशी पाणी घालून बारीक वाटावे, फडक्यातून पिळून चीक काढावा, चोथ्यात पुन्हा पाणी घालून दुसऱ्यांदा काढावा. भांडे रात्रभर न हलवता ठेवावे. सकाळी वरचे पिवळट पाणी अलगद ओतून टाकावे. तळाला बसलेला पांढरा घट्ट चीक तेवढा घ्यायचा.

तीन मोठ्या नारळांचे साधारण सव्वा लिटर दूध, 600 ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ, भिजवून विरघळवलेले 10 ग्रॅम चायनाग्रास, आवडत असेल तर थोडा गुलाबी रंग. चीक थंड नारळाच्या दुधात पूर्ण कालवून मग पातेले आचेवर ठेवावे. गरम दुधात चीक ओतला की गुठळ्या होतात आणि त्या नंतर मोडत नाहीत. जाड बुडाचे पातेले, मंद आच, आणि हात थांबवायचा नाही. दीड-दोन तास लागतात.

पिठाळ लागण्याचे कारण एकच: लवकर उतरवले. मिश्रण घट्ट झाले म्हणजे शिजले असे नाही. चीक शिजला की रंग दुधाळ न राहता किंचित पारदर्शक होतो, नारळाचे तेल कडेला दिसू लागते, गोळा पातेले सोडतो आणि उलथने उभे राहते. थंड ताटलीवर थेंब टाकून पाहावा, बोटाला चिकटला तर अजून वेळ आहे. मग वेलची घालून परातीत दोन बोटे जाडीचा थापावा, वर बदाम-पिस्ते दाबावेत, पूर्ण गार झाल्यावरच शंकरपाळ्याच्या आकारात कापावा.

चिकाऐवजी मक्याचे पीठ वापरणारे आहेत. काम अर्ध्या वेळात होते, वडी छान सुटते, पण ती चव नाही. बेराखाही बदलते: गव्हाच्या चिकावर मेझोनोत, मक्याच्या पिठावर शेहाकोल.

खिरीचा सण कोणता?

ज्यू पंचांगातल्या तिश्री महिन्याच्या आरंभीचा, नव्याच्या सणानंतर लगेच येणारा. नव्या तांदळाची खीर, अर्थातच नारळाच्या दुधात.

योम किप्पूरच्या आधी आणि नंतर काय खावे?

योम किप्पूर हा प्रायश्चित्ताचा दिवस. उपास सुमारे 25 तासांचा, पाण्याचा थेंबही नाही. आधीचे जेवण सूर्यास्तापूर्वी संपवावे. भात, पोळी, साधे कोंबडीचे कालवण आणि भरपूर पाणी. खारट, तिखट, लोणची-पापड टाळावेत, घसा दुसऱ्या दुपारी सुकतो. चहा-कॉफीची सवय असेल तर चार-पाच दिवस आधीपासून कमी करत आणावी, नाहीतर उपासापेक्षा डोकेदुखीच जास्त छळते. आजारी माणसाने, गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या बाईने डॉक्टरांना आणि हज्जानांना आधी विचारावे. जीव जपणे उपासापेक्षा मोठे आहे, हा धर्माचाच नियम आहे.

उपास सुटला की आधी हाव्दाला (पवित्र दिवस संपल्याची बेराखा), मग शर्बत आणि गोड पुऱ्या. या पुऱ्या म्हणजे भाजलेला रवा, खोबरे, साखर, बेदाणे भरून तेलात तळलेल्या करंजीसारख्या. सारणात ओले खोबरे असेल तर ते कोरडे होईपर्यंत परतावे, नाहीतर वाफ धरून पुरी तेलात फुटते. दुसरा दिवस "शिळा सण", त्या दिवशी दानधर्म आणि भेटीगाठी.

पुरीमला पुरणपोळी कशी आली?

पुरीम हा एस्तेर राणीच्या काळातल्या सुटकेचा सण, अदार महिन्याच्या चौदाव्या दिवशी, पौर्णिमेच्या तोंडावर. ज्यू महिने चंद्राचे, आपलेही चंद्राचे, त्यामुळे पुरीम आणि होळी बहुधा जवळजवळ येतात. जुन्या लोकांत पुरीमला "होळीचा सण"च म्हणत. अधिक महिन्याचे गणित दोन्हीकडे वेगळे असल्याने कधी महिन्याचे अंतर पडते. पुरणपोळी भाजताना तेल वापरावे, म्हणजे मांसाच्या जेवणानंतरही चालते. मित्रांना तयार खाण्याचे किमान दोन पदार्थ पाठवायचे असतात, तर पुरणपोळीबरोबर एखादे फळ ठेवावे.

पेसाहसाठी स्वयंपाकघर कसे आवरायचे?

पेसाह हा इजिप्तमधल्या गुलामीतून सुटकेचा सण, त्यात हामेत्स (आंबलेले धान्य) चालत नाही. पाच धान्यांपैकी कोणत्याही धान्याच्या पिठाला पाणी लागून 18 मिनिटे गेली की ते हामेत्स. पाव, बिस्किटे, शेवया, रवा, मैदा, कणीक हे सगळ्यांना माहीत असते. फसवतो तो हिंग. बाजारातल्या बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते, म्हणून डबा बाजूला काढावा. तयार मसाल्यांतही हिंग असतो, त्यामुळे पेसाहचा मसाला घरी वेगळा कुटून ठेवणे उत्तम. कस्टर्ड पावडर, बेकिंग पावडर, सोया सॉस यांची पाकिटे वाचावीत.

तांदूळ बेने इस्रायली घरांत चालतो. अश्केनाझी (युरोपीय वंशाच्या ज्यू) घरातली सून किंवा जावई असेल तर तिथली रीत वेगळी, हे आधीच बोलून घ्यावे. तांदूळ पांढऱ्या कापडावर पसरून तीनदा निवडतात, गव्हाचा एकही दाणा राहू नये म्हणून. पेसाह लागण्याआधीच निवडून डबा बंद करून ठेवावा. तीन वेळा एकाच बैठकीत निवडले तर डोळा थकतो आणि तिसरी फेरी नावापुरती होते.

जुन्या काळी आंबवलेल्या आंबटाचे भांडे या दिवसांत झाकून ठेवत, त्यावरून "अनाशी ढाकाचा सण" हे नाव पडले.

सेदेरचा खजुराचा शिरा किती घट्ट असावा?

सेदेर म्हणजे पेसाहच्या रात्रीचे विधीचे जेवण, आणि इथे शिरा म्हणजे त्यातले हारोसेत. बिनबियांचा 500 ग्रॅम खजूर धुऊन पाऊण लिटर पाण्यात अर्धा-पाऊण तास मंद शिजवावा, कुस्करून फडक्यातून घट्ट पिळावा, आणि गाळलेला रस आटवावा. मधापेक्षा किंचित पातळ असतानाच उतरवावा, कारण गार झाल्यावर तो अजून घट्ट होतो. पुढे गेला तर दोऱ्यासारखा ताणतो आणि मारोर (कडू भाजी) त्यात बुडत नाही. वाढताना वर बदाम-अक्रोडाची भरड.

मारोरसाठी लांब पानांचे लेट्यूस घ्यावे आणि पान पान सोडवून मिठाच्या पाण्यात भिजवून उजेडात तपासावे, बारीक किडे असतात. चार पेल्यांसाठी मनुकांचे शर्बत माणशी साधारण 350 मिलिलिटर धरावे. त्यासाठी मनुका पेसाहच्या आधी एक दिवस भिजत घालाव्यात.

1874 साली पुण्यात हिब्रू मजकूर आणि मराठी भाषांतर असलेली हाग्गादा (सेदेरला वाचायचे पुस्तक) छापली गेली. तिच्यातल्या चित्रात लुगडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून मात्सा (न आंबवलेल्या पोळ्या) लाटताना-भाजताना दिसतात. घरी मात्सा करायची असेल तर त्या चित्रातली कामाची वाटणी आजही योग्य आहे: एक मळते, दुसरी लाटते, तिसरी भाजते. एकटीने 18 मिनिटांत फार पोळ्या होत नाहीत. गोळा अर्ध्या किलोपेक्षा लहान घ्यावा, मीठ-तेल नको, लाटल्यावर काट्याने टोचावे, तवा आधीच कडक तापलेला असावा. पोळी फुगली किंवा दुमडली तर तेवढा भाग बाजूला काढतात.

तिशा बेआवला बिरडे का, आणि ते शिजत का नाही?

आव महिन्याच्या नवव्या दिवसाचा, यरुशलेमचे मंदिर पडल्याच्या शोकाचा हा रोजा. आधीच्या दिवसांत मांस बंद असते, आणि रोजा सुटल्यावर त्या रात्रीही मांस टाळतात, म्हणून वालाचे बिरडे-भात, तोही केळीच्या पानावर. यावरूनच "बिरड्याचा सण" हे नाव. रोजाच्या आधीच्या शेवटच्या जेवणात एकच शिजवलेला पदार्थ खाण्याचा नियम आहे, त्यामुळे तो पाळणाऱ्यांनी बिरडे-भात सुटण्याच्या वेळेसाठी ठेवावा.

250 ग्रॅम कडवे वाल बारा तास भिजवून, फडक्यात बांधून एक दिवस मोड आणावेत. सोलण्याआधी पाव तास कोमट पाण्यात टाकले की साले सुटतात. तेलात कांदा, हळद, तिखट, मग वाल, गरम पाणी आणि झाकण. कोकम आणि गूळ वाल मऊ झाल्यावरच. आंबट आधी पडले की वाल दडस राहतात, मग कितीही उकळा. ढवळण्याऐवजी पातेले हलवावे, दाणे अखंड राहतात. शेवटी ओले खोबरे.

हनुकाला काय करतात?

तेलात तळलेले काहीही: भजी, वडे, मालपुवे. दिवे लागल्यावर खातात.

आम्ही ज्यू नाही, मित्राकडे जेवायला बोलावले आहे. काय न्यावे?

अख्खी, न कापलेली फळे किंवा फुले. मिठाईत तूप-दूध असते, जिलेटिन असू शकते, आणि यजमानांना ती त्या ताटावर वाढता येत नाही. शुक्रवारी संध्याकाळी जाणार असाल तर वस्तू दिवे लागण्याआधी पोहोचती करावी.

पुरुषांनी डोक्यावर टोपी किंवा रुमाल घ्यावा, घरात बहुधा ठेवलेला असतो. हात धुऊन सगळे अचानक गप्प झाले तर काही बिनसलेले नाही, पोळी मोडेपर्यंत तुम्हीही थांबा. शर्बत ओतण्याचे काम यजमानांवर सोडा, वाइन-द्राक्षरस कोणी हाताळायचा याचे त्यांच्याकडे नियम आहेत. शब्बाथला फोटो काढू नका, दिवा बंद करू नका, आणि मदत म्हणून स्वयंपाकघरात शिरलात तर आधी विचारा कोणती पातेली मांसाची आणि कोणती दुधाची. चुकून दुधाचा चमचा मांसाच्या कालवणात गेला तर लपवू नका, लगेच सांगा. ताबडतोब कळले तर पुष्कळदा हज्जानांना विचारून भांडे आणि जेवण दोन्ही वाचवता येते.